आडवे हात

पहिला हात दादाजी ठेकेदारांचा. तो पत्रावळीवर आडवा आला तेव्हा गुणवंतराव वकिलांना त्यात काही वावगं दिसलं नाही. दोन अंगठ्यांचा, गुबगुबीत, नुकताच धुतलेला हात होता आणि पंगतीत हात असेच आडवे येतात. पंजा पालथा, बोटं जुळलेली, पत्रावळीच्या चार बोटं वर. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, खाणाऱ्यानं हात हलवायचा, नको नको म्हणता म्हणता बोटांत फट पडू द्यायची आणि त्या फटीतून जे पडेल ते नाइलाजानं संपवायचं, हा खेळ चांद्यात शेंबड्या पोरालाही येतो. गुणवंतराव पंगतीच्या शेवटच्या पाटावरून त्या फटीची वाट पाहत होते. फट पडली नाही. "भात बंद आहे," दादाजी म्हणाले, अगदी हळू, देवळात बोलतात तसं. परात कमरेवर टेकवून वाकलेली बाई क्षणभर वाकलेलीच राहिली. तिला मराठी येत नव्हतं, पण हात कळत होता. मग ती एक पाऊल सरकली आणि शेजारच्या डॉक्टरांपुढे वाकली. "मीच बंद केलाय त्यांचा," डॉक्टर हसून म्हणाले आणि त्यांनी आपलाही हात आडवा धरला.

धानाच्या मुलखात माणसाचा भात बंद होणं ही साधी गोष्ट नाही. इथं पोळी सणाची आणि भात पोटाचा. तापातून उठलेल्याला पहिला भात देतात, मेलेल्याच्या नावानं शेवटचा भात ठेवतात, आणि मधल्या सगळ्या काळात माणूस दोन्ही वेळा भात खाऊन भाताच्याच बांध्यांवरून भांडत असतो. दादाजींचा भात बंद असल्याची वार्ता सकाळपर्यंत तरी चांद्यात नव्हती. सकाळी ते क्लबच्या मागच्या पडवीत आले होते, चुलीवरच्या गंजाचं झाकण त्यांनी स्वतः उचललं होतं, नव्या चिन्नोर तांदळाच्या वाफेत तोंड धरून डोळे मिटून उभे राहिले होते आणि लटारू आचाऱ्याला म्हणाले होते, "मांड जास्त नको काढू बे, चव जाते." त्या वेळी त्यांचा भात चालू होता. तो बंद झाला तो भाषण आणि दुसरी पुरी यांच्या मधल्या वेळात. हे गुणवंतरावांना तिसऱ्या हाताला कळलं. तिसरा हात माजी मालगुजारांचा होता. गावं आणि मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती, हात मात्र अजून मालगुजाराचाच होता. त्यांचा सोमवार होता. सोमवारला पुरी चालली होती, बुंदी चालली होती, वांग्याची भाजी दोनदा चालली होती. गुणवंतरावांच्या मानेवर, कॉलरच्या आत, घामाचा एक थेंब उभा राहिला आणि पौषातली थंडी असूनही तो खाली उतरेना.

दारात हरिपद उभा होता. धोतर, त्यावर कुणी दिलेला लष्करी कोट, आणि बोट धरून सात-आठ वर्षांची पुतुल. बाहेरच्या लोकांनी आत येऊन बसावं असं दोनदा सांगून झालं होतं. तो हात जोडून नाही म्हणाला होता, आपण फक्त बघायला आलो आहोत म्हणाला होता. काय बघायला, हे त्या दिवाणखान्यात फक्त तिघांना माहीत होतं. त्याला, परात घेतलेल्या निहारबालेला आणि गुणवंतरावांना. निहारबाला त्याच्या मेलेल्या भावाची बायको. पुतुल त्या भावाची मुलगी, म्हणजे निहारबालेचीच. पण ती जेवायची काकाच्या चुलीवर. बल्लारशाच्या रस्त्यावर पूर्व बंगालातून आलेल्यांच्या ज्या पत्र्याच्या शेडी होत्या, त्यांतल्या शेवटच्या शेडीच्या टोकाला निहारबालेची चूल वेगळी होती. पोरगी आईला दिसायची, आई पोरीला दिसायची, पोरीचं ताट मात्र आईनं शिवायचं नाही. गावी दंगल झाली तेव्हा निहारबालेला उचलून नेलं होतं. काही महिन्यांनी पोलिसांनी शोधून परत आणली. तोपर्यंत नवरा मेला होता. परत आणण्याचं काम सरकारचं होतं. परत घेण्याचं काम कुणाचं, यावर कायदा काही बोलत नव्हता. गुणवंतरावांनी एकदा कुतूहल म्हणून पुस्तकं उघडून पाहिलंही होतं.

समितीचं नाव लांब होतं. निर्वासित आरोग्य व पीडित भगिनी हक्क सहाय्यक समिती. नाव गुणवंतरावांनीच सुचवलं होतं आणि छापखान्यात ते एका ओळीत बसलं नव्हतं. शेडींत हिवताप होता, पोरांच्या पोटात पानथरी, म्हणजे तापानं सुजलेल्या प्लीहा, दगडासारख्या लागत होत्या, औषध द्यायला आठवड्यातून एकदा कंपाउंडर यायचा आणि त्यालाच थंडी वाजून यायची. दवाखाना हवा होता, हे खरं होतं. त्यासाठी भोजन ठेवावं, चांद्यातल्या आणि आसपासच्या मोठ्या लोकांना बोलवावं, नागपूरहून आशाबाईंना अध्यक्ष म्हणून आणावं, हेही रीतसर ठरलं होतं. टेबलखुर्चीवर दादाजींनी काट मारली. दुःखी लोकांच्या नावानं जेवायचं तर खाली बसून जेवावं, त्यानं मनावर परिणाम होतो, असं ते म्हणाले. म्हणून पाट आणि पळसाच्या पत्रावळी. पत्रावळी लावायला धानोऱ्याकडच्या जंगलपट्टीतली बुधरी होती. शेडींत कंपाउंडर बसायचा त्या खोलीत ती झाडलोट करायची आणि उरलेल्या वेळात पानं टाचून विकायची. ह्या सगळ्याची सुरुवात बुधरीपासून झाली, असं गुणवंतरावांना आता, पाय मुंगावलेल्या अवस्थेत, वाटत होतं. वकिलाला नेहमी सुरुवात दुसऱ्यापासून झालेली बरी वाटते.

पानं टाचता टाचता बुधरीनं निहारबालेला आपल्या मामाच्या पोरीची गोष्ट सांगितली होती. निम्मी हिंदीत, निम्मी हातवाऱ्यांनी. लाकूडतोडीच्या कुपावरच्या मुकादमानं पोरगी पळवून नेली, पावसाळाभर ठेवली, मग सोडून दिली. पोरगी गावच्या शिवेवर येऊन बसली. तिला कुणी आत घेईना, कुणी हाकलेना. मग पंच बसले. पोरीच्या बापानं तांदूळ काढला, पोरीनं तो रांधला, गावाला बसवलं आणि पोरीनं स्वतःच्या हातानं वाढला. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं पहिला घास घेतला. संपलं. त्यानंतर पोरगी गावची. ही गोष्ट गुणवंतराव समितीच्या कामानं शेडींत गेले तेव्हा बुधरीनं त्यांनाही ऐकवली होती, पानाला काडी टोचत, वर न पाहता. "पर एक हाये जी," ती म्हणाली होती. "भात खाताना कोनी काई बोलत नाई. तिनं काय केलं, तिचं काय झालं, एक सबद नाई. आंधी भात. भात खाल्ला का मंग बोलाची सोयच नाई रायत." गुणवंतरावांनी ही माहिती कौतुकानं ऐकून घेतली होती. कुठंतरी वापरता येईल असं त्यांना वाटलं होतं.

ऐकताना त्यांना आपला बाप आठवला होता आणि आता, चौथा हात आडवा येताना, तो पुन्हा आठवत होता. बाप धानोऱ्याला लाकडाच्या डेपोवर कारकून. एकदा त्याला आसपासच्या गावात अशाच जेवणाला बोलावलं. सरकारचा माणूस साक्षीला असावा म्हणून. गुणवंत तेव्हा पुतुलएवढा. बापानं जाताना घरून दशम्या बांधून घेतल्या, कारण सरकारचा माणूस साक्ष देऊ शकत होता, भात खाऊ शकत नव्हता. त्याला खाट टाकून दिली, अंतरावर, मोहाखाली. तिथं बसून बाप दशम्या खात होता आणि समोर सगळं गाव भात खात होतं. बोलणं नाही. नुसता चावण्याचा आवाज, पानांचा आवाज, एका कुत्र्याचा आवाज. आणि ती बाई वाढतेय. वाकतेय, उठतेय, वाकतेय. तिच्या दंडाला माती लागली होती ती आठवते. गुणवंतनं विचारलं, हिनं काय केलं? बापानं मांडीला चिमटा घेतला. मग रांगेतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं ढेकर दिला. लांब, ऐसपैस, पोटाच्या तळातून आलेला ढेकर. त्याबरोबर सगळी रांग सैल झाली, कुणी पाणी मागितलं, कुणी हसलं, एका बाईनं त्या बाईला चुलीची राख काढायची राहिली म्हणून शिवी दिली. तो ढेकर म्हणजे निकाल होता. पुढं तीस वर्षं वकिली करून गुणवंतरावांनी इतका स्वच्छ निकाल ऐकला नव्हता. घरी येताना बाप म्हणाला होता, "जंगली लोक." दशम्या कोरड्या होत्या, त्याचा घसा बसला होता.

बुधरीची गोष्ट निहारबालेनं सांगितली तेव्हा हरिपद हसला होता. तो गावी शाळेत हिशेबनीस होता आणि त्याला हसताना तोंडावर हात धरायची सवय होती. जंगलातल्या लोकांनी खाल्लं तर खाल्लं, आपण कायस्थ, असं काहीतरी तो म्हणाला. पण निहारबाला त्याच्या दारातून उठेना. मग त्यानं तो शब्द दिला होता, सुटका करून घेण्यासाठी देतात तसा. ह्या शहरातले मोठे लोक तुझ्या हातचा भात खातील तर मीही खाईन. मग पुतुलला घेऊन जा. बिचाऱ्याला काय माहीत, महिन्याभरात चांद्यातले झाडून सगळे मोठे लोक एकाच वेळी एकाच जागी मांडी घालून बसणार आहेत. निहारबाला गुणवंतरावांच्या घरी आली ती हे सगळं घेऊन. ओसरीच्या खाली उभी राहिली. "उकीलबाबू, भात मैं देगा," ती म्हणाली. "बस भात. और कुछ नहीं चाहिए." तिनं सगळं समजावून सांगितलं आणि गुणवंतरावांना सगळं समजलं. त्यांना त्यात अडचण दिसली नाही. वाढपी हवेच होते. शिवाय त्यांना आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. आत जाऊन त्यांनी कमळाबाईंना सांगितलं की बघ, कशी जुळून येते गोष्ट. कमळाबाई तांदूळ निवडत होत्या. "बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण लोकांना आधी सांगू नका म्हणजे झालं." गुणवंतरावांना त्यात बुधरी आणि बायको यांचं मत जुळल्याची गंमत वाटली. तेवढीच.

त्यानंतर भाषणही त्यांनीच लिहिलं. आशाबाईंनी नागपूरहून पत्र टाकून मुद्दे मागवले. गुणवंतरावांनी मुद्द्यांऐवजी भाषणच पाठवलं. चांद्यात कुणाला न कळणारं त्यांचं एक दुःख होतं, की त्यांच्यासारखं मराठी आसपास कुणी लिहीत नाही. नुसत्या पानथरी सांगून लोक खिशात हात घालत नाहीत, असं त्यांना अनुभवानं वाटत होतं. एक माणूस दाखवावा लागतो. कोर्टातही जखम दाखवावी लागते. म्हणून शेवटच्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं: जिला नराधमांनी पळवून नेलं, जिचं सर्वस्व लुटलं गेलं, ती आपली भगिनी आज याच दिवाणखान्यात आहे, आणि पाहा, ती याचना करीत नाही, ती आपल्याला अन्न वाढणार आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर ते उठून अंगणात फेऱ्या मारून आले होते. आज आशाबाईंनी ते वाक्य सुरेख म्हटलं. मधे थांबल्या. स्वयंपाकाच्या दाराकडे हात केला. दारात निहारबाला परात घेऊन उभी होती. सगळ्यांनी माना वळवल्या. तिला वाटलं, आता वाढायला बोलावताहेत, आणि ती हसली. बायकांच्या ओळीत दोघींनी पदर डोळ्याला लावला. दादाजींनी बसल्या जागी मोठा आकडा जाहीर केला, मालगुजारांनी तो आपल्या परीनं ओलांडला, डॉक्टरांनी रोगी फुकट तपासून द्यायचं कबूल केलं. अर्ध्या घटकेत दवाखाना उभा राहिला. इतकं यशस्वी भोजन त्या क्लबात झालं नव्हतं. मग निहारबालेनं परात कमरेवर घेतली आणि दादाजींपासून सुरुवात केली.

सहावा हात. सातवा. आता हातांना सराव झाला होता. परात दोन पाटांवर असतानाच ते पुढं येऊन तयार राहत, त्यामुळे तिला वाकावंही लागत नव्हतं. पण ती वाकत होती. प्रत्येकापुढं वाकत होती, भाताची मूठ उचलत होती, थांबत होती, मूठ परत परातीत ठेवत होती. कुणी उद्धट नव्हतं. उलट सगळे मऊ आवाजात बोलत होते. "पुरे ताई." "नको बहेन, पोट भरलं." "बहोत हो गया, बहेनजी." ताई आणि बहेन हे शब्द त्या पंगतीत आज जितके वापरले गेले तितके भाऊबीजेलाही वापरले गेले नसतील. गुणवंतरावांच्या मनात आलं की उठावं आणि सांगावं, मंडळी, भात घ्या, ह्या भातावर एक पोरगी अवलंबून आहे. पण ते सांगायचं तर ती का अवलंबून आहे हे सांगावं लागणार होतं, आणि ते तर सांगून झालं होतं. त्यामुळंच तर हात आडवे होते. ह्या विचाराला दुसरं टोक नव्हतं. तो साखळीच्या कुत्र्यासारखा तेवढ्याच वर्तुळात फिरू लागला.

ते उठले. पंगतीतून मधेच उठू नये, पण समितीच्या सेक्रेटरीला माफ असतं. ते आशाबाईंजवळ गेले, वाकले, एक मूठ भात घ्या म्हणाले, समोर पाहू नका, नुसती एक मूठ. आशाबाईंना खरंच वाईट वाटलं. त्या घराबाहेर धान्य घेत नसत, बारा वर्षांचा नेम होता. पत्रातही त्यांनी फळं कळवली होती आणि त्यांच्या पत्रावळीवर केळी आणि पेरू होते. त्या एकट्याच तिथं खरं बोलत होत्या. "पण थांबा," त्या म्हणाल्या, उठल्या, निहारबालेकडे गेल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी तिला मिठी मारली. परात मधे आली. टाळ्या झाल्या. निहारबालेनं त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. हरिपदनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तो मिठी बघायला आला नव्हता.

मागच्या पडवीत बुधरी उरलेल्या पत्रावळींचा गठ्ठा बांधत बसली होती. गुणवंतरावांना आपण तिथं का आलो हे आल्यावर कळलं. त्यांना एक तोंड हवं होतं. ते म्हणाले, बुधरी, तू चल, तू बस पंगतीत, तू खा तिच्या हातचा. बुधरीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की दारू पिऊन आले की काय. "मी काऊन खाऊ जी?" ती म्हणाली. "ते बंगाली बाई. आमच्यातली हाये का? मी खाल्लं तं माहे पंच मलेच भायेर काढतीन. मंग मले जेवन द्या लागन गावाले. तुमी देसान का तांदूळ?" तिनं गठ्ठ्याला गाठ मारली. "मीनं आमच्यातलं सांगतलं होतं. तुमच्यातलं तुमाले माईत." चुलीशी लटारू बसला होता. त्यानं गंजात डोकावून पाहिलं, गुणवंतरावांकडे पाहिलं आणि झाकण ठेवलं.

परत आले तोवर परात बायकांच्या ओळीत पोचली होती. तिथं कमळाबाई होत्या. गुणवंतराव आपल्या पाटावर बसले आणि त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. तो हात त्यांना पाठ होता. करंगळीजवळचा भाजल्याचा डाग, हिरव्या बांगड्या, उजव्या मनगटाला कडं. वाढताना भातावर तुपाची धार धरणारा हात. कमळाबाईंनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग ओळीपलीकडून नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता, आणि तो सरळ होता. त्यांनी मान हलवली असती तर कमळाबाईंनी भात घेतला असता, हे त्यांना आतून माहीत होतं. पण त्याच वेळी मालगुजारीणबाईही कमळाबाईंकडे पाहत होत्या आणि गुणवंतरावांची मान सदऱ्याच्या कॉलरमध्ये होती तशीच राहिली. बांगड्या वाजल्या. हात आडवा झाला. बोटं जुळलेली.

मग ती त्यांच्याकडे आली. शेवटचं पान. परात भरलेली होती, वरचा भात वाऱ्यानं कोरडा पडून शितं सुटी झाली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यांना तो असता तर बरं वाटलं असतं. ती वाकली नाही. त्यांच्या पानापुढून नुसती पुढं गेली. तिनं त्यांना सोडून दिलं होतं. एव्हाना ती रीत शिकली होती आणि ओळखीच्या माणसाला हात उचलायचा त्रास देऊ नये असं तिला वाटलं असावं. गुणवंतरावांच्या पोटातून एक गार, सुखाची लाट गेली. सुटलो. ती लाट किती खरी होती हे कळून त्यांना धक्का बसला, आणि त्या धक्क्यानंच त्यांच्या तोंडून निघालं, "वाढा." ती वळली. दारात हरिपद पुढं झुकला. पुतुलनं त्याचा कोट ओढला. पंगतीतलं बोलणं थांबलं. त्या गप्पपणात गुणवंतरावांना मोहाखालची खाट आठवली, कोरड्या दशम्या आठवल्या, आणि सगळ्या पंगतीचे डोळे आपल्या पाठीवर आलेत असं वाटलं. निहारबालेनं मूठ भरून उचलली. तेव्हा त्यांचा उजवा हात वर आला, अंगठा आणि बोट जवळ आले आणि ते म्हणाले, "थोडा. अगदी थोडा. शितापुरता."

ती शितापुरतं वाढली. तिनं मुठीतून चिमूट काढली आणि पानाच्या कडेला, मीठ वाढतात तिथं ठेवली. गुणवंतरावांनी ती खाल्ली. भात चांगला झाला होता. दादाजींनी मांड जास्त काढू दिला नव्हता ते योग्यच होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. हरिपद पाहत होता आणि त्याच्या तोंडावर हात होता.

दिवस मावळायच्या आत पंगत उठली, कारण क्लबात दिवे पुरेसे नव्हते आणि आशाबाईंना गाडी गाठायची होती. "हे दरवर्षी करा," त्या मोटारीत बसताना म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. लटारू पुढं आला, हात पुसत. "भात भरूनच राह्यला जी. कुठी पाठवू?" दादाजी म्हणाले, विचारायचं काय त्यात, शेडींत पाठव, उपाशी लोक आहेत. गंज दादाजींच्या ट्रकवर चढवला. गुणवंतराव ट्रकच्या पुढच्या बाजूला गेले. हरिपद ड्रायव्हरशेजारी बसला होता, मांडीवर पुतुल, तिच्या मुठीत बुंदी. ते म्हणाले, "मैंने खाया." म्हणताना त्यांना आपला आवाज साक्षीदाराचा वाटला, पढवलेल्या साक्षीदाराचा.

हरिपदनं हात जोडले. तो सभ्य माणूस होता. "आप तो सेक्रेटरी है, बाबू," तो म्हणाला. "आपको तो खाना ही था." मग, गंजाकडे मानेनं खूण करून, "कैंप में किसी को मत बोलिए वो खाने को. जो आप लोग नहीं खाया, हम कैसे खाएगा."

मागं निहारबाला गंजाला दोन्ही हातांची मिठी घालून बसली होती, रस्त्यात कलंडू नये म्हणून. तो सगळा भात आता तिच्या एकटीचा होता. गुणवंतरावांना काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी सांगितलं की दवाखाना होणार. तिनं मान हलवली. दवाखाना चांगलाच. त्यांनी सांगितलं की हे भोजन आता दरवर्षी व्हायचं आहे. तेव्हा तिनं वर पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत असं काही हललं की त्यांना ते शब्द मागं घ्यावेसे वाटले.

"अगली बार, उकीलबाबू," ती म्हणाली, "बोलना मत. पहले भात देने दीजिए."

ते हो म्हणाले. ट्रक गेला.

कमळाबाई पुढं निघून गेल्या होत्या. गुणवंतराव एकटे चालत घरी आले. दिवेलागण होत होती. डॉक्टरांच्या घरावरून जाताना त्यांना वास आला. पुढं मालगुजारांच्या वाड्यावरून जाताना पुन्हा तोच. कौलांतून धूर निघत होता. बोळात, तिठ्यावर, दादाजींच्या नव्या माडीच्या खिडकीतून, सगळीकडून नवा तांदूळ शिजल्याचा वास येत होता, गोडसर, ओला, आणि अख्खं चांदा पुन्हा एकदा जेवायला बसायच्या तयारीत होतं. पुरी आणि बुंदीनं कुणाचं पोट भरतं? गुणवंतराव आपल्या स्वयंपाकघराच्या दारात थांबले. चुलीवर पातेलं होतं. कमळाबाई पाटावर बसल्या होत्या, पाठमोऱ्या. "माझ्यापुरता टाकला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर जेवलात तिथं." मग, पातेल्यावरचं झाकण सरकवत, "बसता का?"

त्यांना भूक होती. ते बसले. कमळाबाईंनी वाढलं, वरण घातलं, तुपाची धार धरली. दोघं बोलले नाहीत. गुणवंतरावांनी भात मागून घेतला, आणखी एकदा मागून घेतला, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी हात आडवा धरला तेव्हा कमळाबाईंनी आग्रह केला, बोटांत फट पडली, त्यातून पडलं तेही त्यांनी संपवलं. मग त्यांना ढेकर आला. लांब, ऐसपैस, पोटाच्या तळातून. तो त्यांना आवरता आला नाही. कमळाबाईंनी ताट उचललं.